लिनक्स प्रणालीवरील पॅकेज अवलंबन-संघर्ष : स्वरूप, कारणे व निराकरण

सारांश

लिनक्स प्रणालीवर नवे सॉफ्टवेअर स्थापित करताना 'अवलंबने पूर्ण होत नाहीत' अशा आशयाचा संदेश देऊन यंत्रणा काम थांबवते, हा अनुभव महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांना नवा नाही. हा संदेश म्हणजे बिघाड असे समजून कोणत्याही मार्गाने स्थापना पूर्ण करण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रस्तुत लेखात अवलंबन-संघर्ष म्हणजे काय, तो कोणत्या कारणांनी उद्भवतो आणि त्याचे निराकरण कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रामुख्याने डेबियन व उबुंटू या वितरणांच्या आधारे केले आहे. पॅकेज व्यवस्थापकाचा नकार हा बहुतांश वेळा प्रणालीच्या रक्षणासाठी असतो आणि त्या नकारात नमूद केलेले कारण नीट वाचणे हीच निराकरणाची पहिली पायरी होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, पॅकेज, अवलंबन, भांडार, आवृत्ती, निराकरण.

१. प्रस्तावना

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा वापर आता केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. संख्याशास्त्रात आर, गणितात सायलॅब, भूगोलात क्यूजीआयएस, तर भाषा व सामाजिक शास्त्रांत पायथनवर आधारित साधने वापरली जातात. या साधनांसाठी लिनक्स ही सोयीची व विनामूल्य उपलब्ध होणारी प्रणाली आहे. परंतु ती हाताळताना प्राध्यापकांना ज्या अडचणी येतात, त्यांत अवलंबन-संघर्षाची अडचण विशेष त्रासदायक ठरते. परीक्षेच्या तोंडावर प्रयोगशाळेतील संगणकांवर एखादे साधन बसवायचे असते आणि पडद्यावर न उमगणारा संदेश येतो. अशा वेळी कोठून तरी मिळालेली आज्ञा अर्थ न समजता चालवली जाते आणि चालू स्थितीतील संगणकही निकामी होतो.

ही अडचण समजून घेण्यासाठी प्रोग्रामिंगचे सखोल ज्ञान लागत नाही. पॅकेज, आवृत्ती व भांडार या तीन संकल्पना स्पष्ट झाल्या, तर कोणत्याही विषयाच्या अध्यापकास हे संदेश वाचता येतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) पॅकेज व अवलंबन या संकल्पना स्पष्ट करणे.
(२) संघर्षाची प्रमुख कारणे सोदाहरण मांडणे.
(३) निराकरणाची क्रमबद्ध पद्धती सुचवणे.
(४) बळजबरीच्या उपायांतील धोके निदर्शनास आणणे.

लेखातील आज्ञा व पॅकेजांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरात ती रोमन लिपीत टंकित करावी लागतात.

२. पॅकेज व अवलंबन : संकल्पना

लिनक्सवरील पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरच्या फायली आणि त्या सॉफ्टवेअरविषयीची माहिती यांचा एकत्रित संच. या माहितीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी आहे आणि त्याला इतर कोणती पॅकेजे लागतात, हे नमूद केलेले असते. एकच काम प्रत्येक सॉफ्टवेअरने स्वतंत्रपणे करण्याऐवजी ते काम करणारी सामायिक लायब्ररी एकदाच स्थापित करावी व सर्वांनी ती वापरावी, हे लिनक्स वितरणांचे मूलभूत धोरण आहे. यामुळे जागा वाचते. शिवाय लायब्ररीत सुरक्षेचा दोष आढळल्यास तो एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. अवलंबन-संघर्ष ही याच सामायिकतेची दुसरी बाजू आहे.

डेबियनच्या पद्धतीत पॅकेजांमधील संबंध निरनिराळ्या शीर्षांखाली नोंदवले जातात. 'डिपेंड्स' या शीर्षाखालील पॅकेजे असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. 'रेकमेंड्स' खालील पॅकेजे सामान्यतः सोबत बसवली जातात. परंतु ती अनिवार्य नसतात. 'सजेस्ट्स' ही केवळ सूचना असते. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे ही दोन पॅकेजे एकत्र नांदू शकत नाहीत, तर 'ब्रेक्स' म्हणजे हे पॅकेज आल्यास दुसऱ्याची विशिष्ट आवृत्ती बिघडते. 'प्रोव्हाइड्स' या शीर्षाने एखादे पॅकेज दुसऱ्या नावाची गरज आपण भागवतो असे घोषित करते.

ई-मेल पोहोचवणाऱ्या सेवांचे उदाहरण घेता येईल. डेबियनमध्ये पोस्टफिक्स व एक्झिम ही दोन्ही सॉफ्टवेअरे 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' या समान नावाची गरज भागवतात आणि परस्परांशी संघर्ष असल्याचेही जाहीर करतात. त्यामुळे पोस्टफिक्स स्थापित करू लागल्यास एक्झिम काढून टाकण्याचा प्रस्ताव पुढे येतो. येथे बिघाड काहीच नाही. एका संगणकावर टपाल पोहोचवण्याचे काम एकाच सेवेकडे असावे, हा हेतुपुरस्सर घेतलेला निर्णय आहे. सारांश, प्रत्येक संघर्ष म्हणजे दोष नव्हे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला. त्याचा 'डीपीकेजी' हा पॅकेज व्यवस्थापक आणि रेड हॅटने १९९५ मध्ये आणलेला 'आरपीएम' यांनी फायलींची नोंद ठेवणे, अवलंबने तपासणे आणि सॉफ्टवेअर स्वच्छपणे काढून टाकणे शक्य केले. परंतु ही साधने उणीव केवळ दाखवत. ती भरून काढणारे पॅकेज शोधून आणत नसत. वापरकर्त्याने एक पॅकेज आणावे, त्याने दुसरे मागावे, दुसऱ्याने तिसरे, अशी साखळी निर्माण होई. या त्रासाला त्या काळी 'आरपीएमचा नरक' असे उपरोधिक नाव पडले होते.

१९९९ मध्ये डेबियन २.१ या आवृत्तीबरोबर 'ॲप्ट' हे साधन आले. त्याने भांडारातील सर्व पॅकेजांची यादी वाचून आवश्यक ती साखळी स्वतः जुळवण्यास प्रारंभ केला. रेड हॅट परिवारात हेच काम प्रथम 'यम' व पुढे 'डीएनएफ' या साधनाने केले. २०१५ मधील फेडोरा २२ पासून डीएनएफ हे तेथील मुख्य साधन झाले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसृत झालेल्या डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. इतक्या पॅकेजांचे परस्परसंबंध हाताने जुळवणे अशक्य आहे, हे वेगळे सांगावयास नको.

४. प्रश्नाची गणिती बाजू

पॅकेज व्यवस्थापकाला नेमके कोणते कोडे सोडवावे लागते? समजा, 'क' या पॅकेजला 'ख' किंवा 'ग' यांपैकी एक हवे आहे. 'ख' चा 'घ' शी संघर्ष आहे आणि 'घ' आधीच स्थापित आहे. 'ग' ला 'च' ची दुसरी आवृत्ती हवी आहे. परंतु 'घ' ला 'च' ची पहिली आवृत्ती हवी आहे. एका नावाच्या पॅकेजची एकाच वेळी एकच आवृत्ती ठेवता येते. अशा स्थितीत 'घ' ठेवून 'क' स्थापित करणे अशक्य आहे. 'घ' काढल्यास मात्र दोन मार्ग खुले होतात. निराकरणाची वाट आहे. पण तिची किंमत 'घ' गमावणे ही आहे.

'हे किंवा ते', 'हे असेल तर ते नको' अशा विधानांचा संच एकाच वेळी सत्य ठरू शकतो काय, हा तर्कशास्त्रातील प्रसिद्ध प्रश्न आहे. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये या प्रश्नाची काठिण्यपातळी सिद्ध केली व त्यातून एनपी-पूर्ण ही संकल्पना रूढ झाली. युरोपीय संघाच्या साहाय्याने चाललेल्या एडॉस प्रकल्पातील रॉबर्टो दि कॉस्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एखादे पॅकेज स्थापित करता येईल किंवा नाही हे ठरवणे याच वर्गातील आहे, असे दाखवून दिले. २००८ मध्ये ओपनसुसे ११.० या वितरणाने तर्कविधानांची पूर्तता तपासणारा निराकरक वापरात आणला आणि त्यातून घडलेली लायब्ररी पुढे डीएनएफनेही स्वीकारली. एप्रिल २०२५ मधील ॲप्ट ३.० मध्येही, निवड चुकल्यास मागे फिरून दुसरा पर्याय तपासणारा नवा निराकरक समाविष्ट करण्यात आला.

या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, व्यवस्थापक नकार देतो तेव्हा त्याने बहुधा सर्व मान्य मार्ग तपासलेले असतात. तीच आज्ञा पुनःपुन्हा दिल्याने उत्तर बदलत नाही. उत्तर बदलण्यासाठी त्याच्यापुढील माहिती बदलावी लागते, म्हणजे भांडारे, आवृत्त्या किंवा आपली मागणी यांपैकी काहीतरी बदलावे लागते.

५. संघर्षाची प्रमुख कारणे

५.१ दुसऱ्या वितरणासाठी बांधलेले पॅकेज : लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर 'जीलिबसी' या मूलभूत लायब्ररीवर अवलंबून असते. डेबियन ११ मध्ये तिची २.३१, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५, तर डेबियन १२ मध्ये २.३६ ही आवृत्ती आहे. जुन्या जीलिबसीवर बांधलेले सॉफ्टवेअर सामान्यतः नव्या जीलिबसीवर चालते. परंतु याच्या उलट घडेलच असे नाही. म्हणून उबुंटू २२.०४ साठी बांधलेले पॅकेज डेबियन ११ वर बसवू गेल्यास 'लिबसी६ ची २.३४ किंवा त्यापुढील आवृत्ती हवी, परंतु २.३१ उपलब्ध आहे' अशा धर्तीचा नकार मिळतो.

५.२ कालबाह्य लायब्ररी : उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची ३.० ही आवृत्ती आली व 'लिबएसएसएल१.१' हे पॅकेज भांडारातून वगळले गेले. त्यावर विसंबणारी जुनी सॉफ्टवेअरे तेथे स्थापित होईनाशी झाली. जुन्या उबुंटूमधील हे पॅकेज उतरवून बसवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. नावे भिन्न असल्याने दोन्ही लायब्ररी एकत्र राहू शकतात व सॉफ्टवेअर सुरूही होते. परंतु ओपनएसएसएल १.१.१ या मालिकेचे सार्वजनिक साहाय्य ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपले आहे. अशा रीतीने हाताने बसवलेल्या लायब्ररीस चालू वितरणाच्या भांडारातून सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत. सांकेतिक संरक्षणाचे काम करणारी लायब्ररीच असुरक्षित राहणे ही गंभीर बाब आहे.

५.३ भांडारांची सरमिसळ : एखादे नवे साधन मिळावे म्हणून दुसऱ्या आवृत्तीचे किंवा त्रयस्थ व्यक्तीचे भांडार यादीत जोडले जाते. त्या भांडारातून हव्या त्या पॅकेजबरोबर सामायिक लायब्ररीच्या नव्या आवृत्त्याही येतात आणि मूळ भांडारातील इतर पॅकेजांशी त्यांचा मेळ राहत नाही. अशा जोडतोड केलेल्या प्रणालीला डेबियनच्या वर्तुळात 'फ्रँकेनडेबियन' असे म्हणतात. भांडार जोडल्यानंतर अनेक महिन्यांनीही संघर्ष उद्भवू शकतो. त्यामुळे मूळ कारण विस्मरणात गेलेले असते.

५.४ दोन प्रोसेसर-प्रकारांची पॅकेजे : ६४-बिट संगणकावर काही जुन्या सॉफ्टवेअरसाठी ३२-बिट लायब्ररीही लागतात. डेबियनच्या नियमानुसार एकाच लायब्ररीचे हे दोन्ही प्रकार सोबत ठेवायचे असतील, तर त्यांची आवृत्ती तंतोतंत सारखी असावी लागते. भांडारात एका प्रकाराची सुधारित आवृत्ती आली व दुसऱ्याची आली नाही, तर संघर्ष अटळ असतो.

५.५ नावांतील बदल : ३२-बिट प्रणालींना २०३८ साली भेडसावणारी कालगणनेची समस्या टाळण्यासाठी डेबियन १३ व उबुंटू २४.०४ मध्ये अनेक लायब्ररी पॅकेजांच्या नावापुढे 'टी६४' हे अक्षरचिन्ह जोडण्यात आले. 'लिबअसाउंड२' चे 'लिबअसाउंड२टी६४' झाले. जुन्या मार्गदर्शिकेतील नाव तसेच टंकित केल्यास पॅकेज मिळत नाही, असे वाटू शकते. वस्तुतः ते नव्या नावाने उपलब्ध असते.

५.६ दोन व्यवस्थापकांचा एकाच जागेवर हक्क : पायथनचे 'पिप' हे साधन प्रणालीच्या सामायिक जागेत फायली ठेवू लागले, तर ॲप्टने तेथे ठेवलेल्या फायलींशी त्यांचा संघर्ष होतो. प्रणालीतील काही महत्त्वाची साधने स्वतःच पायथनवर चालत असल्याने हा संघर्ष घातक ठरू शकतो. म्हणून जून २०२३ मध्ये प्रसृत झालेल्या डेबियन १२ पासून पिपला ही जागा बंद करण्यात आली आहे. हा नकार डावलण्यासाठी जो पर्याय ठेवला आहे, त्याच्या नावाचाच अर्थ 'प्रणालीची पॅकेजे मोडा' असा आहे, हे लक्षणीय होय.

६. संदेशाचे वाचन

ॲप्टचा संदेश घाईने पाहिल्यास क्लिष्ट वाटतो. परंतु त्यात मोजकेच प्रकार असतात. कोणत्या पॅकेजला काय हवे आणि ते का मिळत नाही, एवढेच तो सांगतो. यांतील 'का' हा भाग निर्णायक असतो.

पहिला प्रकार, 'स्थापित करण्याजोगे नाही'. याचा अर्थ ज्ञात भांडारांपैकी एकातही ते पॅकेज नाही. नाव बदलले आहे, भांडार जोडलेले नाही किंवा पॅकेज वगळले गेले आहे, या तीन शक्यता तपासाव्यात. दुसरा प्रकार, 'अमुक आवृत्ती हवी, परंतु तमुक स्थापित होणार आहे'. येथे पॅकेज आहे, पण आवृत्ती पुरेशी नाही. तिसरा प्रकार, 'ते स्थापित होणार नाही'. येथे पॅकेज उपलब्ध आहे. परंतु त्याच्या स्वतःच्या अवलंबनांत अडथळा आहे. अशा वेळी त्या पॅकेजची स्वतंत्रपणे मागणी करून पाहावी, म्हणजे साखळीतील पुढची कडी दिसते. दोन-तीन पावलांत मूळ कारणापर्यंत पोहोचता येते.

संदेशाच्या शेवटी येणारे 'तुम्ही बिघडलेली पॅकेजे रोखून धरली आहेत' हे वाक्य अनेकांना गोंधळात टाकते. वापरकर्त्याने कोणतेही पॅकेज रोखलेले नसतानाही ते येते. खरोखर काही रोखलेले आहे काय, हे 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' या आज्ञेने पाहता येते. यादी रिकामी असल्यास त्या वाक्याकडे दुर्लक्ष करून वरच्या ओळींकडे लक्ष द्यावे.

७. निराकरणाची पद्धती

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचवता येईल. यातील पहिल्या चार पायऱ्या निदानाच्या व दुरुस्तीच्या आहेत. चालू प्रणालीतून काही काढण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

(१) भांडारांच्या याद्या 'ॲप्ट अपडेट' ने अद्ययावत कराव्यात आणि या आज्ञेचे फलितही वाचावे. एखाद्या भांडाराशी संपर्क न झाल्यास जुन्या यादीमुळे खोटा संघर्ष दिसू शकतो.

(२) पूर्वीची अर्धवट राहिलेली स्थापना पूर्ण करावी. 'डीपीकेजी --ऑडिट' अपूर्ण पॅकेजे दाखवते, तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' त्यांची मांडणी पूर्ण करते. उतरवलेली फाईल डीपीकेजीने थेट बसवल्यास अवलंबने आणली जात नाहीत व पॅकेज अर्धवट राहते. त्याऐवजी तीच फाईल ॲप्टच्या आज्ञेस तिच्या मार्गासह द्यावी, म्हणजे भांडारात असलेली अवलंबने सोबत येतात.

(३) अडलेल्या पॅकेजसाठी 'ॲप्ट पॉलिसी' ही आज्ञा द्यावी. स्थापित आवृत्ती, निवडीसाठी पुढे असलेली आवृत्ती आणि प्रत्येक आवृत्ती कोणत्या भांडारातून येते, हे ती दाखवते. सामान्य भांडाराचा प्राधान्यांक ५०० असतो. स्थापित आवृत्ती कोणत्याच भांडारात आढळत नसेल, तर ती हाताने किंवा आता काढून टाकलेल्या भांडारातून आली आहे, असे समजावे. बहुसंख्य संघर्षांचा उलगडा येथेच होतो.

(४) दोष सरमिसळीचा असल्यास परके भांडार बंद करून त्यातून आलेली पॅकेजे मूळ आवृत्तीवर परत आणावीत. उबुंटूवरील पीपीए प्रकारच्या भांडारांसाठी 'पीपीए-पर्ज' हे साधन हेच काम करते.

(५) बदल करण्यापूर्वी तालीम करावी. ॲप्टच्या आज्ञेला '-एस' हा पर्याय जोडल्यास प्रत्यक्ष काही न बदलता काय काय घडेल याची यादी मिळते. त्यातील 'पुढील पॅकेजे काढली जातील' हा भाग प्रथम वाचावा. एक साधन बसवताना दहा पॅकेजे जात असतील, तर तेथेच थांबावे.

(६) पर्यायी तोडगे पाहावयाचे असल्यास 'ॲप्टिट्यूड' या साधनाचा उपयोग होतो. ते एकामागून एक निराकरणे सुचवते व 'व्हाय-नॉट' या उपआज्ञेने अडथळ्याचे कारणही सांगते. फेडोरा परिवारात चुकलेला व्यवहार 'डीएनएफ हिस्टरी अनडू' ने उलटवण्याचा प्रयत्न करता येतो. डेबियनमध्ये केलेल्या बदलांची नोंद ॲप्टच्या इतिहास-फायलीत राहते. तिच्या आधारे काय गेले हे शोधता येते.

कलम ५.१ मधील उदाहरणास ही पद्धती लावून पाहू. डेबियन ११ वर 'ॲप्ट पॉलिसी लिबसी६' ही आज्ञा दिल्यास २.३१ याच मालिकेतील आवृत्ती दिसते. म्हणजे या वितरणाच्या कक्षेत उत्तर नाही. आता मार्ग चार उरतात : डेबियन ११ साठी बांधलेली त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती शोधणे, स्रोत उपलब्ध असल्यास ते त्याच संगणकावर नव्याने बांधणे, संपूर्ण प्रणाली डेबियन १२ वर नेणे, किंवा सॉफ्टवेअर विलग वातावरणात चालवणे. केवळ जीलिबसी नव्या वितरणातून आणणे हा पाचवा मार्ग दिसावयास सोपा आहे. परंतु प्रणालीतील जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर जिच्यावर उभे आहे ती लायब्ररी बदलल्याने पुढील प्रत्येक सुधारणेच्या वेळी नवा संघर्ष उभा राहतो.

८. बळजबरीचे परिणाम : एक उदाहरण

नकार डावलण्याचे परिणाम नोव्हेंबर २०२१ मधील एका प्रसंगाने जगभर चर्चिले गेले. 'लायनस टेक टिप्स' या प्रसिद्ध तंत्रविषयक वाहिनीचे लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या उबुंटूवर आधारित वितरणावर 'स्टीम' हे खेळांचे सॉफ्टवेअर स्थापित करण्याचा प्रयत्न केला. चित्रमय साधनाने नकार दिल्यावर त्यांनी टर्मिनलमधून ॲप्टला आज्ञा दिली. स्टीमला ३२-बिट लायब्ररी लागतात आणि त्या वेळी भांडारातील दोन प्रकारच्या पॅकेजांमध्ये मेळ नव्हता. ही स्थिती कलम ५.४ मध्ये वर्णन केलेल्या प्रकारातील आहे. मागणी पूर्ण करण्यासाठी ॲप्टने डेस्कटॉपची मुख्य पॅकेजेच काढण्याचा प्रस्ताव मांडला, अत्यावश्यक पॅकेजे जात असल्याचा इशारा दिला आणि 'होय, मी सांगतो तसेच कर' अशा अर्थाचे वाक्य टंकित करण्यास सांगितले. ते वाक्य टंकित होताच चित्रमय डेस्कटॉप नाहीसा झाला.

या प्रसंगातून दोन्ही बाजूंनी बोध घेतला गेला. त्याच महिन्यात आलेल्या ॲप्ट २.३.१२ या आवृत्तीपासून निराकरक अत्यावश्यक पॅकेजे काढण्याचा मार्ग स्वतःहून अवलंबत नाही. वापरकर्त्याच्या दृष्टीने बोध असा की, भांडारातील त्रुटी तात्पुरती होती. काही काळ थांबणे हाही निराकरणाचाच एक मार्ग असतो आणि भांडारातील त्रुटीच्या बाबतीत तोच बहुधा सर्वांत निर्धोक ठरतो.

९. विलगीकरण : संघर्ष टाळण्याचा मार्ग

दोन साधनांना एकाच लायब्ररीच्या परस्परविरोधी आवृत्त्या खरोखरच हव्या असतील, तर त्यांना एकत्र बसवण्याचा अट्टहास सोडावा. पायथनसाठी २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून 'व्हेन्व्ह' ही विलग वातावरणाची सोय अंगभूत आहे. प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजे त्यामुळे स्वतंत्र राहतात. डेस्कटॉपवरील सॉफ्टवेअरसाठी फ्लॅटपॅक, स्नॅप व ॲपइमेज हे पर्याय आहेत; ती आपल्याला लागणारी बहुतेक लायब्ररी सोबत आणतात. कंटेनर या पद्धतीत केवळ कर्नल सामायिक असते व उर्वरित प्रणाली स्वतंत्र असते. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्ट विद्यापीठातील २००६ च्या प्रबंधात मांडलेली 'निक्स' ही पद्धती आणखी पुढे जाते. तीत प्रत्येक पॅकेजची प्रत्येक आवृत्ती वेगळ्या जागी ठेवली जाते. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सुखेनैव सोबत राहतात.

मात्र विलगीकरणालाही मोल द्यावे लागते. साठवणुकीची जागा अधिक लागते आणि सोबत आणलेल्या लायब्ररीतील सुरक्षा दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी वितरणाकडून त्या सॉफ्टवेअरच्या प्रकाशकाकडे जाते. म्हणून नेहमीच्या वापरातील साधने वितरणाच्या भांडारातून घ्यावीत आणि अपवादात्मक साधनांसाठीच विलगीकरण वापरावे, असा मध्यम मार्ग इष्ट वाटतो.

१०. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी सूचना

प्रयोगशाळेत वरील तत्त्वांचा अवलंब पुढीलप्रमाणे करता येईल. सर्व संगणकांवर एकाच वितरणाची एकच दीर्घ साहाय्य असलेली आवृत्ती ठेवावी. उबुंटूच्या अशा आवृत्तीस पाच वर्षे सर्वसाधारण साहाय्य मिळते. अधिकचे भांडार जोडल्यास तारीख, कारण व जोडणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे. नवे साधन प्रथम एका संगणकावर तालमीसह बसवून पाहावे व मगच इतरत्र बसवावे. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' या आज्ञेने मिळणारी, हेतुतः बसवलेल्या पॅकेजांची यादी जतन करावी. संगणक नव्याने उभा करण्याची वेळ आल्यास ती उपयोगी पडते. परीक्षेच्या काळात मोठ्या सुधारणा करू नयेत, परंतु परीक्षा संपताच त्या कराव्यात.

संशोधनाच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. संगणकीय विश्लेषणावर आधारित निष्कर्ष दुसऱ्या संशोधकास पडताळून पाहता यावेत, यासाठी कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती वापरली याची नोंद प्रबंधात असणे आवश्यक आहे. आवृत्ती बदलल्यास गणनेचे फलितही बदलू शकते. तसेच विविक्त गणित व तर्कशास्त्र शिकवताना आलेख, तर्कविधानांची पूर्तता व संगणनाची काठिण्यपातळी या संकल्पनांसाठी पॅकेज अवलंबन हे विद्यार्थ्यांच्या परिचयातील उदाहरण ठरू शकते.

११. निष्कर्ष

(१) अवलंबन-संघर्ष हा लायब्ररी सामायिक वापरण्याच्या धोरणाचा स्वाभाविक परिणाम आहे. तो प्रत्येक वेळी दोष नसतो.
(२) पॅकेजांची आवृत्ती व तिचा उगम असलेले भांडार या दोन गोष्टी कळल्या की बहुसंख्य संघर्षांचा उलगडा होतो.
(३) नकाराचा संदेश पूर्ण वाचणे व प्रस्तावित बदलांची तालीम पाहणे, या दोन सवयींनी गंभीर हानी टळते.
(४) बळजबरीने केलेली स्थापना तत्काळ यशस्वी दिसली, तरी तिचा भार पुढील सुधारणांवर व सुरक्षेवर पडतो.
(५) परस्परविरोधी गरजांसाठी विलगीकरण हा योग्य मार्ग आहे. मात्र त्यासोबत येणारी सुरक्षा सुधारणांची जबाबदारी संस्थेने ओळखली पाहिजे.

प्रयोगशाळेतील तंत्रसाहाय्यक उपलब्ध नसताना अध्यापकाने स्वतः एवढी पद्धती अवलंबली, तरी एका साधनासाठी संपूर्ण संगणक गमावण्याची वेळ सहसा येणार नाही.